लेकीच्या घरचा शॉवर

सकाळी सहा वाजता केसांना शाम्पू चोपडून मी शॉवर उघडला आणि डोक्यावर मोजून चार थेंब पडले. पहिली शिवी मी बिल्डरला हासडली, दुसरी नवऱ्याला. तो बिचारा अजून अंथरुणात होता, पण मला सकाळच्या घाईत कुणीतरी लागतंच. सातची शाळा. शेवटी बादलीभर पाणी स्वयंपाकघरातून आणून डोकं धुतलं आणि ओल्या केसांनी पळाले.

मी विज्ञान शिकवते. त्यामुळे प्लंबर बोलावण्याआधी बिघाड आपणच शोधायचा, ही माझी खोड. स्वयंपाकघरातला नळ धो धो वाहत होता, म्हणजे टाकीत पाणी होतं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना विचारलं, त्यांचंही झकास. म्हणजे दुखणं आमच्या बाथरूमपुरतंच. शॉवरची जाळी काढली, रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली, सुईनं एकेक भोक मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी धार बरी लागली आणि मी नवऱ्यासमोर फुशारकी मारली. तिसऱ्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

आई आमच्याकडे राहायला येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. कापडे गावाच्या वर, डोंगराच्या पोटाशी माझ्या माहेरची वाडी आहे. तळीयेला डोंगर कोसळला, तेव्हापासून पाऊस लागला की अशा वाड्यांना खाली उतरायला सांगतात. आमच्या घरामागं तर जमिनीला भेगच पडली होती. भाऊ मुंबईत, एका खोलीत पाच माणसं. म्हणून पावसाळाभर आईनं महाडला माझ्याकडे राहायचं, असं मी ठरवून टाकलं आणि तिला जवळजवळ उचलूनच आणलं. ती डोंगराखाली झोपली असती तर मला इथं झोप लागली नसती.

तिला यायचं नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. आता कोण पाळतंय? पण माझे वडील शेवटपर्यंत पाळत होते. माझ्याकडे आले की शेजारी जाऊन चहा प्यायचे. मला मूल झालं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यामुळे तो रिवाज काही सुटला नाही. आई जेवायची, पाणी प्यायची, नाइलाजच होता. पण तिच्या ताटात मी वाढलेलं निम्मं परत यायचं, आणि मी ओरडले की म्हणायची, "म्हातारपनी किती लागतं गो बाय?"

शेवटी एका रविवारी प्लंबर आला. त्यानं शॉवर उघडला तर ही एवढी मोठी सर कोसळली. तो भिजला आणि हसायला लागला. "मॅडम, प्रेशर तर एक नंबर हाय. मला कशाला बोलावलंत?" माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. आई दारात उभी होती. तीही पदर तोंडाला लावून हसली. मंगळवारी पुन्हा चार थेंब.

त्याच आठवड्यात एकदा नदी वाढली म्हणून शाळा लवकर सोडली. मी साडेदहाला घरी आले, किल्लीनं दार उघडलं. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. दाराआड भिंतीवर एक गोल मुठीचा कॉक आहे, बाथरूमचं सगळं पाणी त्यावरून येतं. आई तो दोन्ही हातांनी बंद करत होती, थोडा थोडा, नळाच्या धारेकडे बघत. धार करंगळीएवढी झाली तशी थांबली. खाली तांब्या लावला.

गोल मूठ बघून काही कळत नाही, कॉक अर्धा आहे की पुरा. मी जाळ्या धूत बसले होते आणि ती रोज आंघोळीआधी कॉक आवळत होती. नंतर कधी मोकळा करायची, कधी विसरायची. प्लंबर येणार म्हणून त्या दिवशी तेवढा तिनं आठवणीनं उघडून ठेवला होता.

"आई, अगं काय करतेस काय?"

ती दचकली. तांब्या पडला. "लई जोरात येतं गो. सांडतं. माज्या हातनं तुज्या घरचं पानी जास्ती जायला नको."

"पाणी काय सोन्याचं आहे?"

"तसं नाय गो. तुला पोर असतं तर मी बसले असते नळाखाली. असं वापरलेलं बरं नाय दिसत."

तिनं ते अगदी सहज म्हटलं. टोमणा नव्हता तो, हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र बावीस वर्षांचं सगळं एकदम उसळून वर आलं. डॉक्टर, नवस, हळदीकुंकवाला मला वगळून पुढं गेलेल्या बायका, सगळं. मी किंचाळले, "माझ्या घरचं पाणी चालत नाही ना? मग जा तुझ्या घरी!"

आईनं खाली वाकून तांब्या उचलला, पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर पिशवी भरलेली. नवऱ्यानं परोपरीनं विनवलं. "जावयबापू, भात लावायचाय, बघायला नको?" एवढंच तिचं उत्तर. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिले. चार दिवसांनी माझा राग उतरेल, मग आणू, असा माझा हिशेब. मेली ही माझी जीभ, आणि त्याहून मेला तो ताठा.

रविवारी मी वाडीवर गेले. चुलीवर हंडा चढवलेला, दारात आणखी दोन भरलेले. सत्तरीच्या बाईनं झऱ्यावरून डोक्यावर आणलेले. "भिजून आलीस, मनासारखी आंघोळ कर," म्हणाली. मी न्हाणीत बसून ते सगळं पाणी अंगावर ओतलं आणि ओतता ओतता रडले. बाहेर येऊन म्हटलं, "चल ना आई, चुकलं माझं." ती माझे केस पुसत म्हणाली, "पाऊस सरू दे गो, मंग येते." मी फार लावून धरलं नाही. रुसवा असेल, जाईल, असं वाटलं.

डोंगराला काही झालं नाही. तो अजून उभा आहे. आईला भादव्यात ताप आला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकीचा फोन आला, आम्ही गाडी घेऊन पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. आमच्या महाडच्या घरापासून दवाखाना चालत पाच मिनिटांवर आहे.

मी काकीवरच उसळले. "तीन दिवस ताप, आणि मला कळवलं नाहीत?"

काकी माझ्याकडे बघेना. चुलीकडे बघत म्हणाली, "मी पयल्याच दिवशी फोन लावत हुते. तिनं हात धरला माजा. म्हनली, नको, तिकडं कशी जाऊ, तिनंच घरी जा म्हनून सांगितलंय."