दादाचे हात आणि माझा कॉम्प्युटर

गेमिंगचा कॉम्प्युटर तयार घ्यावा की सुटे भाग आणून घरी जोडावा, यावर माझ्या ऑफिसात लोक चहा गार होईपर्यंत भांडतात. हिंजवडीच्या आमच्या मजल्यावर चक्क दोन पार्ट्या आहेत. तयारवाले म्हणतात, पैसे टाका, घरी आणा, खेळायला बसा. जोडणारे त्यांच्याकडं असं बघतात, जणू त्यांनी डब्यात हॉटेलची पोळी आणलीय. मी जोडणाऱ्यांच्या बाजूनं तावातावानं बोलायचे. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा गुपचूप चिंचवडच्या दुकानात जाऊन तयार मशीन बघून आले.

त्याला कारण माझा दादा.

दादा चाकणच्या एका कंपनीत असेंब्लीला होता. बारा वर्षं त्यानं बारीक बारीक पुर्जे जोडले. मग एकदा माणसं कमी पडली म्हणून त्याला दोन महिन्यांसाठी पत्रे दाबायच्या प्रेस मशीनवर टाकलं, आणि तिथं त्याच्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं मधल्या पेरापासून गेली. जखम भरली. पगार चालू राहिला. कंपनीनं त्याला हलकं काम दिलं, म्हणजे गेटजवळच्या स्टोअरमध्ये बसून आलेल्या ट्रॉल्यांची नोंद करायची. ज्या माणसाच्या हातून डोळे मिटून स्क्रू बसायचा त्याच्या हातात पेन आलं, आणि ते त्याला धड धरताही येत नव्हतं. मला या गोष्टीचा अजूनही संताप येतो.

त्याच सुमारास कंपनीत छोट्या पंपांची नवी लाइन सुरू होणार होती. सुपरवायझर साहेब त्याला म्हणाले, ये, हात चालवून दाखव, जमलं तर परत असेंब्लीला घेतो. महिनाअखेरपर्यंत जागा भरायच्या होत्या. दादा "जातो, जातो" म्हणायचा आणि जायचा नाही. वहिनीनं एकदा विचारलं तर भरल्या ताटावरून उठला. त्यानंतर आमच्या घरात त्या लाइनचं नाव कुणी काढत नव्हतं.

आता यात माझा कॉम्प्युटर. प्रोसेसर जिथं बसतो त्या सॉकेटमध्ये केसाएवढ्या पिना असतात, शेकड्यांनी. एक वाकली तरी अख्खा मदरबोर्ड गेला. मी जोडायचा म्हटलं असतं तर दादानं हात घातल्याशिवाय राहिलं नसतं, आणि त्याच्या हातून एक पिन वाकली असती तर तो त्या लाइनकडं जन्मात फिरकला नसता. म्हटलं, कशाला ही नसती उठाठेव? तयार घेऊ, सुखानं खेळू. जेवताना मी हे सहज बोलल्यासारखं सांगून टाकलं.

"तयार?" दादा म्हणाला. "आणि ऑफिसात एवढी भाषणं ठोकतेस ती?"

"वॉरंटी मिळते रे."

"सुट्या भागांना काय मिळतं मग? आशीर्वाद?"

दादानं उजवा हात ताटाशेजारी ठेवला, उताणा. "यामुळं ना?"

मी नाही म्हणाले, पण इतक्या घाईनं की ते हो म्हटल्यासारखंच झालं. वहिनी भात वाढता वाढता थांबली. दादा म्हणाला, "सुटे भाग आण. मी जोडतो."

आणले मी. पण आमची अक्कल बघा. भाग घेतल्यावर मी दुकानदाराला हळूच सांगितलं, तो तयार कॉम्प्युटर रविवारी संध्याकाळपर्यंत कुणाला देऊ नका. "बरं ताई," तो म्हणाला, "तसे पुष्कळ जण राखून ठेवायला लावतात." मला तेवढ्यानं हायसं वाटलं. हातचं एक राखलेलं बरं, असं मी स्वतःला समजावलं.

दादानं त्या भागांना तीन दिवस हात लावला नाही. कामावरून आला की मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, एकच व्हिडिओ चार चार वेळा, आणि डाव्या हातानं वहीत लिहायचा. मी वही उघडून पाहिली तर त्यात माझ्या कॉम्प्युटरची अख्खी लाइन मांडलेली. स्टेशन एक, बोर्ड. स्टेशन दोन, प्रोसेसर. स्टेशन तीन, मेमरी. प्रत्येक स्टेशनपुढं कुठला स्क्रू, किती, कुठल्या क्रमानं, आणि शेवटी तपासायचं काय. मी सॉफ्टवेअर तपासण्याचा पगार घेते. इतका चोख कागद आमच्या टीममध्ये मी बघितलेला नाही, आणि हे मी माझ्या मॅनेजरच्या तोंडावरही म्हणेन.

रविवारी सकाळी त्यानं हॉलमधली सतरंजी काढून टाकली, फरशी पुसली आणि स्वयंपाकाचा ओटा करतात तसा टीपॉय मोकळा केला. वहिनीकडून चहाच्या सहा बश्या मागून घेतल्या आणि एकेका बशीत एकेका मापाचे स्क्रू ठेवले. दर वेळी बोर्डला हात लावायच्या आधी तो खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचा, अंगातली वीज उतरावी म्हणून. वहिनी म्हणाली, "माझ्या भांड्यांना कधी इतक्या सोवळ्यात हात लावला नाहीत."

मी समोर मांडी घालून बसले आणि त्याची बोटं बघत राहिले.

तो स्क्रूड्रायव्हर आता अंगठा आणि अनामिकेत धरतो. उरलेली दोन अर्धी बोटं वरून दाब द्यायला वापरतो. आधी सगळे स्क्रू नुसते दोन फेरे बसवायचे, मग समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे, आणि पक्का आवळून झाला की डोक्यावर पांढऱ्या मार्करचा ठिपका द्यायचा. लाइनवर ठिपका म्हणजे सही. हा स्क्रू मी आवळला, सैल निघाला तर मला विचारा. प्रोसेसर त्यानं डाव्या हातानं कडेला धरून असा अलगद ठेवला की आवाजसुद्धा आला नाही. वर उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचा थेंब, मोहरीपेक्षा जरा मोठा. मग त्यावर प्रोसेसर गार ठेवणारा कूलर, आणि त्याच्या चार स्क्रूंचे चार ठिपके. मध्येच एक बारकी वायर चार वेळा निसटली. मी पुढं झाले तर तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "हात काढ." पाचव्या वेळी ती बसली. खरं सांगते, त्या वेळी मला त्याचा फार अभिमान वाटला.

दुपारी बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला. वहिनीनं शिरा केला होता. मी माझा आवडता गेम लावला, दोन घास खाल्ले, आणि मशीन धप्पकन बंद पडलं.

परत चालू केलं. पाच मिनिटांत परत बंद. तिसऱ्यांदा त्याआधीच.

दादा हातांकडं बघत बसला. "पिन वाकली असेल," तो म्हणाला. "मला कळलं नसेल. या बोटांना टोकच नाही तर कळणार कसं?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला त्याचा चेहरा बघवेना, आणि मला बघवत नाही तेव्हा मी बोलते. म्हणाले, "जाऊ दे रे दादा. दुकानात एक तयार ठेवायला सांगितलाय मी. संध्याकाळी घेऊन येऊ."

"कधी सांगितलंस?"

"भाग घेतले तेव्हाच."

वहिनीनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दादा उठला, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, परत आला आणि वही उघडली.

"लाइनवर फॉल्ट आला की कुणाची चूक ते आधी बघत नाहीत," तो म्हणाला, माझ्याशी की स्वतःशी कुणास ठाऊक. "कुठल्या स्टेशनला आला ते बघतात." आणि तो शेवटच्या स्टेशनपासून उलटा निघाला. वायरी. कार्ड. मेमरी. प्रत्येक ठिपका तपासला, एकही स्क्रू सैल नव्हता. मग कूलर उचलला, उलटा केला, आणि तसाच बघत राहिला.

कूलरच्या तांब्याच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच होती. लेप फिल्मच्या वर, तांबं फिल्मच्या आत. प्रोसेसरची उष्णता तांब्यापर्यंत जाणार कुठून? तापून तापून मशीन स्वतःहून बंद पडत होतं. पिना सगळ्या सरळ होत्या. मी मोबाइलचा उजेड पाडून दोनदा बघितल्या.

"दादा, तुला फिल्म दिसली नाही?"

"दिसली की," तो म्हणाला. "म्हणून तर जपून बसवला, ओरखडा पडू नये म्हणून." मग तो हसायला लागला. त्याच्या लाइनवर पुर्ज्याची फिल्म जोडणाऱ्यानं काढायचीच नसते. ते काम शेवटच्या तपासणीवाल्यांचं. नवीन असताना त्यानं एकदा हौसेनं काढली होती तर पुर्ज्यावर चरा गेला आणि त्याला सगळ्यांसमोर बोलणी बसली. बारा वर्षांत त्यानं परत कधी फिल्मला नख लावलं नाही. बोटं गेली, पण सवय जागची हलली नव्हती. व्हिडिओत फिल्म काढताना दाखवलीच नव्हती, आधीच काढून ठेवलेली असणार.

मला मात्र ती काढायची असते हे चांगलं माहीत होतं. आमच्या मजल्यावर शेंबडं पोरही सांगेल. दोन हातांवर बसून ती मला दिसली नाही, कारण सकाळपासून मी कूलर बघतच नव्हते. मी त्याची बोटं बघत होते, कधी चुकतात म्हणून.

वहिनीनं कापूस आणून दिला. दादानं जुना लेप पुसला, फिल्म सोलली, नवा लेप दिला, चारी स्क्रू आवळले आणि जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके दिले. त्यानंतर मी दिवे लागेपर्यंत खेळले. मशीन एकदाही बंद पडलं नाही. दादा बाजूला बसून नुसता पंख्यांचा आवाज ऐकत होता.

जेवताना तो म्हणाला, उद्या साहेबांना भेटतो. वहिनी ताटाकडं बघत राहिली, डोळे पुसायचे नाहीत असं ठरवून. आणि मी, जित्याची खोड, विचारलंच, "दादा, नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर ते सांगतील नाही जमलं," तो म्हणाला. "तू मला घरातूनच नाही म्हणून पाठवू नकोस." आवाज चढवला नाही त्यानं. मी खाली मान घालून जेवले.

सोमवारी त्यानं काहीच सांगितलं नाही. मंगळवारीही नाही, आणि या खेपेला मी जीभ दाताखाली धरून बसले. बुधवारी संध्याकाळी मी कंपनीच्या कॅबमध्ये वाकडच्या पुलावर नेहमीसारखी अडकले होते, तेव्हा त्याचा फोन आला.

"घेतलं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी तासाला ठरलेले नग कमी पडले. आज पुरे केले. उद्यापासून लाइनवर."

मी कॅबमध्ये सगळ्यांदेखत रडले. शेजारची मुलगी पाण्याची बाटली पुढं करत होती. कसंबसं म्हणाले, "मला माहीतच होतं दादा."

"गप गं खोटारडे. तुला नव्हतं माहीत," तो म्हणाला. मग फोन ठेवता ठेवता त्यानंच पुढं जोडलं,

"मलापण नव्हतं."