चाचणी नावाचं खातं

हसणार नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगते. कारण त्या दिवशी मी जेवढ्या तावातावानं खरं बोलले तेवढं आयुष्यात कधी बोलले नसेन, आणि तरी तोंडावर पडले ती मीच. हा कुठला न्याय, सांगा बरं?

मी तेव्हा साकोलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते. लॅबमध्ये एक मोठं मशीन, त्यावर लिनक्स, आणि कॉलेजातल्या प्रत्येकाचं त्यावर आपलं आपलं खातं. नाव टाका, पासवर्ड टाका, काम करा. त्या मशीनची चावी फक्त माझ्याकडे. खातं देणारी मी, खातं काढणारी मी.

एवढा अधिकार! आणि मान? छे! "मॅडम, माझा माऊस चालून नाही राहिला, जरा येता का?" जाऊन पाहावं तर माऊसच्या वायरीवर यांनी जेवणाचा डबा ठेवलेला. अशा लोकांत मी दिवस काढले हो!

त्यात जिल्हा फुटला. भंडारा इकडे, गोंदिया तिकडे. आमच्याकडचे बरेच जण तिकडच्या नोकऱ्या धरून निघून गेले. माणसं गेली, खाती राहिली! जाताना एकानं तरी सांगावं, मॅडम, माझं सामान काढून घेतो म्हणून? निरोप समारंभात शाल घेतली, श्रीफळ घेतलं, गाडीत बसले. दोन-तीन वर्षं मी त्या भुतांना पोसलं. डिस्क भरली की बोलणी मात्र मला.

शेवटी दिवाळीत डोकं फिरलं. घरची साफसफाई झाली, तशी लॅबचीही काढली.

खातं काढायला वेळ लागत नाही. एका ओळीचा हुकूम असतो. यूजरडेल, पुढे नाव, एंटर. गेला माणूस! मी एकेकाचं नाव घेत होते आणि उडवत होते. काय सांगू, जिवाला इतका थंडावा वाटला!

सगळ्यात शेवटी माझंच एक जादा खातं उरलं. 'चाचणी' नावाचं. काही करून पाहायचं असलं तर माझ्या खऱ्या खात्यात घाण नको, म्हणून कधीतरी उघडलेलं. म्हटलं, लोकांची काढायची आणि स्वतःचं ठेवायचं? शिस्त म्हणजे शिस्त. तेही उडवलं. पाहायला कोणी नव्हतं, तरी मला माझा अभिमान वाटला.

सुट्टी संपली आणि प्रणाली टेंभुर्णे आली. मराठी शिकवायला. तुमसर तालुक्यातल्या आंबागडची पोरगी, घरी शेती, बोलायला एकदम मऊ. संस्थेनं तिला दोन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. काम बरं वाटलं तर पक्कं पत्र, नाही तर रामराम. तिनं साकोलीत खोली केली होती, लहान भावाला शिकायला सोबत आणलं होतं. आल्या आल्या माझ्याकडे आली.

"मॅडमजी, मले खातं पायजे होतं जी."

इतक्या अदबीनं त्या कॉलेजात मला कोणी काही मागितलं नव्हतं. मी एका मिनिटात खातं उघडून दिलं. आता या मिनिटातच सगळी गोम आहे, पण तेव्हा मला काय ठाऊक?

दोन महिने गेले. जानेवारीत स्नेहसंमेलन. चार दिवस उरले असताना प्राचार्यांच्या शिपायानं मला बोलावणं आणलं. गेले. सर लालबुंद. हातात एक छापलेला कागद, तोही उलटा धरलेला.

"मॅडम, ते सगळ्यांसाठीचं फोल्डर आहे ना मशीनवर, त्यात मी मागच्या संमेलनाची कार्यक्रमपत्रिका शोधत होतो. तिथं हे सापडलं."

"काय सर?"

"फिशपॉन्ड! माझ्यावर! तमाम स्टाफवर! काय लिहिलं आहे ते माझ्या तोंडून वदवू नका."

"कोणी लिहिलं?"

"ते तुम्ही सांगायचं! म्हणून तर बोलावलं. आणि ती फाईल उघडायची नाही. फक्त नाव सांगायचं."

आता माझी शिस्त तुम्हाला माहीतच आहे. उघडू नका म्हटलं, मी उघडली नाही. गरजही नव्हती. फाईल न उघडता तिचा मालक दिसतो. मी हुकूम दिला, पडद्यावर ओळ आली. फाईलचं नाव, आणि मालकाच्या जागी स्वच्छ अक्षरात: प्रणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही मऊ बोलणारी पोरगी! मॅडमजी मॅडमजी करते आणि आल्या आल्या स्टाफची टिंगल! आणि मीच हिला एका मिनिटात खातं दिलं! राग आला की मी साकोलीच्या बोलीवर येते. तशीच धावत गेले सरांकडे.

"सर, ते टेंभुर्णे मॅडमनं लिवलं! काल आली अन् आपल्याच डोक्यावर बसून राहिली!"

"नक्की?"

"सर, मशीन कायले खोटं बोलंन?"

सरांनी टेबलाचा खण उघडला. तिच्या पक्क्या नोकरीचं पत्र टाइप करून तयार होतं, फक्त सही बाकी. ते त्यांनी फिशपॉन्डच्या कागदाखाली बाजूला सारलं आणि दुपारी तीनला सगळ्यांना बोलावलं.

तीन वाजता सरांच्या खोलीत आम्ही सात-आठ जण. सर, मी, बडे बाबू म्हणजे आमचे मुख्य लिपिक कापगते, फिजिक्सचे सर, आणखी दोघं-तिघं. आणि समोर प्रणाली. उभी. तिला कोणी बस म्हटलं नाही, मीही नाही. आज आठवलं की लाज वाटते.

"टेंभुर्णे मॅडम, हे तुम्ही लिहिलं?"

"नाही जी सर! मी कायले लिहीन? मले तर अजून सगळ्यांचे नावंही पाठ नाही झाले."

"मॅडम म्हणतात तुम्हीच लिहिलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान ताठ केली आणि म्हणाले, "पोरी, रडून फायदा नाही. मशीनवर तुझं नाव आहे. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मॅडमजी, घरी बाबाले काय सांगू मी? भावाची शाळा हाये इथं."

माझं काळीज जरा हललं, खोटं कशाला सांगू. पण शिस्त म्हणजे शिस्त!

तेवढ्यात बडे बाबू खाकरले. माणूस मोठा सबुरीचा. फाईल पुढं सरकायला त्यांच्या टेबलावर महिना लागतो, पण बोलतात मोजकं.

"सर, पोरीची नोकरी जाऊन राहिली. एकदा वाचून तर पाहू, काय लिहिलं ते."

सर नको नको म्हणत होते. शेवटी कागद बाबूंच्या हातात दिला. बाबूंनी चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"प्राचार्य साहेबांसाठी: भाषण सुरू झालं तेव्हा धान रोवत होते, संपलं तेव्हा धान पोत्यात भरलं होतं."

कोणाचा तरी खोकला निघाला. मला आतून हसू फुटत होतं, कसंबसं दाबलं. ओळ चांगली होती हो! कुठंतरी ऐकल्यासारखीही वाटली.

"फिजिक्सच्या सरांसाठी: फळ्यालाच प्रश्न, फळ्यालाच उत्तर, पोरं फक्त साक्षीदार."

फिजिक्सचे सर फळा दिसतो का म्हणून भिंतीकडे पाहू लागले.

"ग्रंथपालांसाठी: पुस्तक मागितलं की चेहरा असा करतात, जसं कोणी किडनी मागितली."

"बडे बाबूंसाठी..." बाबू थांबले. मग मोठ्या मनानं वाचलं. "टेबलावर फाईल, फाईलवर डबा, डब्यावर हात, हातावर डोकं. शुभ रात्री."

आता मात्र सगळेच हसले. मी सोडून. कारण मी वाट पाहत होते. या पोरीनं माझ्यावर काय लिहिलं असेल? माझी तयारी होती. एक शब्द वाकडा निघू दे, म्हटलं, इथंच हिशोब करते.

"लॅबच्या मॅडमसाठी..." बाबूंनी कागद जरा डोळ्यांजवळ नेला. "शिस्त, हुशारी आणि वक्तशीरपणा यांचा त्रिवेणी संगम. अशा मॅडम पुन्हा होणे नाही."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

आणि मघाशी ताठ केलेली मान मी हळूच खाली घातली! कारण ती ओळ मला पाठ होती. का नसावी? मीच लिहिली होती!

मागच्या वर्षी फिशपॉन्डच्या समितीत कोण होतं? मी. पेटीतल्या शंभर चिठ्ठ्या टाइप करायचं काम कोणाच्या गळ्यात पडलं? माझ्या. माझ्या खात्यात ही घाण नको म्हणून कुठल्या खात्यात बसून केलं? चाचणीच्या! माझ्यावरची चिठ्ठी होती, "कीबोर्डला हात लावू नका, माऊसला हात लावू नका, मग लॅबमध्ये काय आरती करायची?" असली खोटी, असली अन्यायाची चिठ्ठी मी का टाइप करू? मी ती फाडली आणि त्या जागी सत्य लिहिलं. मग फाईल छापायला म्हणून सगळ्यांच्या फोल्डरमध्ये टाकली. पण त्या वर्षी प्राचार्यांचं भाषण इतकं लांबलं की फिशपॉन्ड झालाच नाही. मीही विसरले.

"ग्रंथपाल तर उन्हाळ्यातच रिटायर झाले," बडे बाबू शांतपणे म्हणत होते. "या पोरीनं त्यांचा चेहरा कुठं पाहिला? मॅडम, मशीनवर तारीख काय होती?"

तारीख! त्याच ओळीत होती, नावापासून चार बोटं पलीकडे. पण नाव मिळाल्यावर तारखेकडे पाहतो कोण?

सरांची नजर त्या सही राहिलेल्या पत्राकडे गेली, मग माझ्याकडे आली. प्रणाली पदराच्या टोकानं डोळे पुसत होती. मला गप्प बसता आलं असतं का? मनात आलं, खोटं नाही सांगत. पण ती पोरगी अजून उभीच होती.

"सर," मी म्हणाले, "हिची काही चूक नाही. ते माझं आहे."

मग सगळं समजावून सांगावं लागलं. मशीन माणसाला नावानं ओळखत नाही, हजेरीसारखा नंबर देतं. खातं काढलं की नाव पुसलं जातं, पण जुन्या फाईलींवर नंबर तसाच चिकटून राहतो. नंतर नवा माणूस आला आणि मशीननं तोच रिकामा नंबर त्याला दिला, की जुन्याचं सगळं सामान नव्याच्या नावावर! चाचणीचा नंबर शेवटचा होता, मी तो उडवला, आणि पाठोपाठ ही आली.

"म्हणजे," फिजिक्सचे सर म्हणाले, "सगळ्यांवर टीका, आणि एकट्या तुमची तारीफ. तेव्हाच समजायला पाहिजे होतं."

"तारीफ नाही, वस्तुस्थिती आहे!" मी ओरडले. पण ऐकतं कोण.

प्राचार्यांनी पत्र ओढलं, सही केली, प्रणालीच्या हातात दिलं आणि तिला खुर्ची दिली. मग माझ्याकडे वळले.

"मॅडम, एकच सांगा. माझ्यावरची ती धानाची ओळ कोणाची?"

"पोरांची सर! चिठ्ठीतली! मी फक्त टाइप केली. आईशप्पथ!"

सरांनी मान हलवली. सुटले एकदाची!

संध्याकाळी लॅब बंद करत होते तेव्हा प्रणाली आली. मी तिची माफी मागितली, अगदी मनापासून. ती म्हणाली, "जाऊ द्या जी मॅडमजी. पण मले एक दुसरा नंबर द्या ना."

"का गं?"

"माह्या नावावर तुमचं अजून सामान निघून राहिलं." तिनं एक कागदाचा तुकडा पुढं केला. त्यावर फाईलचं नाव लिहून आणलं होतं: 'प्राचार्य-धान-सुधारून-तिसऱ्यांदा'.

पोरांच्या चिठ्ठ्या मी तीन-तीनदा कशाला सुधारीन, हे त्या मराठीच्या बाईला कोणी सांगायची गरज नव्हती.

"मी उघडली नाही जी," ती तितक्याच मऊपणे म्हणाली. "शिस्त म्हणजे शिस्त."

तेव्हापासून त्या लॅबमधला पहिला चहा तिचा असायचा. करून द्यायची मी.