मृदंगाची डावी बाजू

अन्नपूर्णाबाईंनी मृदंगाला पहिल्यांदा हात लावला, तो त्याला तांदळाचं पीठ थापायला.

मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओलं पीठ लावतात, म्हणजे त्याचा आवाज खाली उतरतो आणि घुमतो, एवढं त्या ऐकून होत्या. पण चिचबोडीच्या देवळात भजनाला बायका पलीकडच्या अंगाला बसायच्या आणि ते मळायचं काम पुरुषच करायचे; घरी नवरा बोल घोकायचा ते नुसत्या तोंडाने. हा सगळा धानाचा मुलूख. घरातल्या डब्यात पीठ असलं तर ते तांदळाचंच, पोळ्या व्हायच्या त्या पाहुणे आले तर. बाईंनी तेच भिजवलं, छान गोल थापलं आणि नवऱ्यापुढे मृदंग सरकवला. इसरूभाऊंनी डाव्या हाताने एक थाप मारली, दुसरी मारली. तिसऱ्या थापेला ती अख्खी भाकर सुटून त्यांच्या मांडीवर पडली.

दिवाळीपासून न हसलेला माणूस तेव्हा खोकला लागेस्तोवर हसला.

"अवं, ह्याले गहूच लागते. तांदूळ चिकटत नाई."

"काऊन? आपल्याले तं जलमभर चालला," बाई म्हणाल्या आणि शेजारी मंगलीकडे वाटीभर कणीक मागायला गेल्या.

इसरूभाऊ तीस वर्षं गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवत होते. दिवाळीनंतर धानाचे भारे वाहताना ते ट्रॉलीवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बोटं काही मोकळी झाली नाहीत. घास तोंडात जायचा, शर्टाची गुंडीही लागायची. पण मृदंगावर बोटं नुसती आपटायची.

मृदंग त्यांच्या मालकीचा नव्हता. जुन्या लोकांनी घरोघरी पायली-पायली धान गोळा करून तो घेतला होता आणि तेव्हाच ठरवून ठेवलं होतं, मृदंग ज्याच्या हाताखाली वाजेल त्याच्या घरी राहील. वाजवणारा थांबला की मृदंग दुसऱ्या घरी जाईल. देवाची वस्तू मुकी बसू नये, एवढाच त्यातला अर्थ. मंडळाचे प्रमुख धनराजभाऊ पेटी वाजवायचे, सज्जन माणूस. त्यांनी घाई केली नाही. रामनवमीच्या सप्ताहापर्यंत वाट पाहू म्हणाले. काल्याच्या दिवशीही इसरूच्या घरचा हात मृदंगावर पडला नाही, तर तो कोलूच्या घरी जाणार होता. कोलू नाटकांच्या हंगामात गावोगाव ढोलकी वाजवणारा, तिशीतला, हाताचा पक्का.

"कोलूचा हात चांगला हाय. जाऊ दे," इसरूभाऊ म्हणायचे. म्हणायचे आणि देवघराजवळच्या पाटावर ठेवलेल्या मृदंगाकडे पाठ करून निजायचे. देवळात जाणं त्यांनी सोडलं. जेवण अर्ध्यावर आलं. अन्नपूर्णाबाई दर गुरुवारी मृदंगापुढे हळद-कुंकू वाहायच्या. अशाच एका गुरुवारी त्यांनी हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, "देवा, ह्यांचा हात देनं होत नसन तं नको देऊ. पन ह्याले इथीच राहू दे." मृदंग गेला तर माणूसही थोडा थोडा जाईल, हे त्यांना दिसत होतं.

तांदळाच्या पिठाचा घोटाळा झाला तो दुसऱ्याच दिवशी.

कणीक लागल्यावर बाई उजव्या अंगाला बसल्या आणि म्हणाल्या, "मले शिकवा."

"ह्या वयात?"

"तीस वर्षं भात रांधता रांधता तुमचे बोल ऐकून राह्यली. तोंडाले येतात. हाताले आनायचे हाय फक्त."

मग रोज पहाटे सडा टाकून झाला की दोघं मृदंगाच्या दोन अंगांना बसू लागले. इसरूभाऊ बोल म्हणायचे. हाताने दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून तिच्याच कामातलं काढून सांगायचे. "सूप पाखडताना मनगट वळते ना, तसं वळव. रोवना करताना बोटं चिखलात जातात आन् लगेच बाहेर येतात, तसं. चामड्यावर ठेवून नको देऊ, ते काय तुह्या बापाचं आंगन हाय?"

"बापाले मधात नका आनू. त्यानंच धान दिलं होतं ह्याच्यासाठी."

बोटं सुजली. संध्याकाळी त्या कोमट पाण्यात हात बुडवून बसायच्या. पलीकडून मंगली हाक मारायची, "काय वो अन्नपूर्णा, सासूच्या राज्यात कधी बडवलं नाई, आता नवऱ्याच्या देखत बडवून राह्यली?"

"ये ना तू. तुले टाळ देतो."

पौष संपेस्तोवर ठेका बसला. माघात बोल सुटे ऐकू येऊ लागले. इसरूभाऊंचा डावा हात कधी डाव्या तोंडावर गेला आणि तिथेच राहिला, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तीस वर्षांची सवय होती. ती उजवीकडून बोल टाकायची, हे डावीकडून घुमवायचे. मृदंग पूर्ण वाजायचा. घर भरल्यासारखं वाटायचं. इसरूभाऊ ताटातलं सगळं संपवू लागले.

रामनवमीला पंधरा दिवस उरले तेव्हा मूल गावाहून बाबूभाई आले. मृदंग, तबला, ढोलकी मढवणं हे त्यांचं पिढीजात काम. मोपेडला मागे लाकडी पेटी बांधलेली, त्यात हातोडी, चामड्याच्या वाद्या, पुडीवरची काळी शाई घोटायचा दगड. रमजान चालू होता. बाईंनी चहा ठेवला तर म्हणाले, "रोजा हाय बाई. तुमच्या मृदंगाचं पोट भरू द्या, माझं संध्याकाळी पाहू."

त्यांनी मृदंग मांडीवर घेतला, म्हातारं माणूस नातवाला घेतं तसा. कडेने बोट फिरवलं, कान लावला. "इसरूभाऊ, हे खोड बीजाचं हाय. ऐसा लकडा आता भेटत नाई. ही चामड्याची पुडी मी आन् अब्बानं मिळून बसवली होती, याद हाय?"

"याद हाय ना. तुमचे अब्बा शाईचा एक एक थर घोटत होते आन् मले म्हनत होते, बोलू नको, हे ऐकून राह्यलं."

"मले पन तेच म्हनत." बाबूभाईंनी वादीखालचा लाकडी गट्टा हातोडीने हलकाच ठोकला. "लोक म्हनतात चामडं मेलेलं असते. मले तं नाई वाटत बापा. पानी आलं की फुगते, ऊन पडलं की रुसते. मेलेली चीज रुसते का?"

"रुसते," इसरूभाऊ म्हणाले. "चार दिवस हात नाई लावला तं पाचव्या दिवशी बोलत नाई."

दोघं तासभर असेच बोलत राहिले. पुड्या ताणून झाल्या, सूर भजनाच्या पट्टीला मिळाला. मग बाबूभाई म्हणाले, "चला, ऐकवा."

दोघांनी वाजवलं. बाबूभाईंनी डोळे मिटले, मान डोलवली. थांबल्यावर म्हणाले, "बहुत खूब. आता भाऊ, तुमी हात काढा. बाई, एकट्या वाजवा."

अन्नपूर्णाबाईंनी वाजवलं. उजवा हात पळत सुटला आणि डावा जागच्या जागी बावरला. कुठे पडायचं त्याला माहीतच नव्हतं. चार मात्रांत सगळं विस्कटलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने त्यांच्याकडे. तीन महिने बसून दोघांनी मिळून अर्धाच मृदंग शिकवला होता आणि अर्धाच शिकला होता.

बाबूभाई हसले नाहीत. "पंधरा दिवसांत डावा हात नाई येत, बाई. झूठ काऊन बोलू? मले सहा महिने लागले."

इसरूभाऊंनी मृदंगावर खोळ चढवली. त्या दिवशी पुन्हा ताटात अर्धं उरलं.

दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णाबाई स्वतःच धनराजभाऊंकडे गेल्या. लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. देवाच्या वस्तूबद्दल खोटं कसं बोलायचं? कोलूही तिथेच ओट्यावर बसला होता.

"भाऊ, मले अर्धाच येते," त्या म्हणाल्या. "उजवा मी वाजवतो, डावा हे. काल्याच्या दिवशी दोघं बसू म्हनतो. चालत नसन तं आताच सांगा."

धनराजभाऊंनी कोलूकडे पाहिलं. "जुन्या लोकांनं हात म्हटलं होतं. कितीजनाचे, ते नव्हतं सांगितलं. तुले काय वाटते गा?"

कोलू ओट्यावरून उठला. मग म्हणाला, "काकी, मृदंग मले पाहिजे. खोटं नाई बोलत. ढोलकी वाजवून वाजवून जीव उबला. पन ऐकल्याबिगर मी तो नेत नाई. एकमेकाले धरून वाजला तं तुमचा, अटकला तं माहा."

"बरोबर हाय," बाई म्हणाल्या. हे बोलणं त्यांना आवडलं.

काल्याच्या दिवशी दुपारी देऊळ गच्च भरलं होतं. बाई बायकांच्या बाजूने उठून पलीकडे गेल्या, पदर खोचला आणि मृदंगाच्या उजव्या अंगाला बसल्या. मागून कोणीतरी खुसखुसलं. इसरूभाऊ डाव्या अंगाला बसले, मान खाली घालून. पाच महिन्यांनी ते देवळात आले होते.

सुरुवातीचे अभंग संथ होते. ठेका सरळ गेला. टाळकऱ्यांत उभा असलेला कोलू कान देऊन ऐकत होता. मग गजर सुरू झाला, लय चढली, माणसं नाचायला लागली आणि इसरूभाऊ रंगले. इतके रंगले, की आपण अर्धेच आहोत हे विसरले. गजराच्या तोंडाशी ते वर्षानुवर्षं एक उठाव टाकायचे, अडून, उलटा पडणारा आणि शेवटी धाडकन समेवर येणारा. घरी तो त्यांनी कधी शिकवलाच नव्हता, अवघड म्हणून. तोच त्यांच्या डाव्या हातातून निघाला. निघाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि चेहरा उतरला. उजवा हात त्यांचा नव्हता.

अन्नपूर्णाबाईंना विचार करायला वेळ नव्हता. पण तीस वर्षं गजराच्या वेळी, देवळाच्या पलीकडच्या अंगाला बसून, हा उठाव त्यांनी ऐकला होता. टाळ्या वाजवताना त्यावर त्यांचा हात आपोआप थांबायचा आणि समेवर पडायचा. बोटं तशीच गेली. एक बोल गळला, दुसरा जरा लवकर पडला, पण सम आली तेव्हा दोन्ही हात एकदम पडले. कोलूचे टाळ क्षणभर थांबले होते. मग ते वर उचलून त्याने असे वाजवले, की पेटी ऐकू येईना.

लाह्या-दह्याचा काला वाटून झाला. धनराजभाऊंनी काही विचारण्याआधीच कोलू म्हणाला, "जिथी हाय तिथीच राहू द्या. ठरवून मीही वाजवला असता तो उठाव. पन मधातच कोनी न सांगता टाकला असता, तं माह्याच्यानं नसता पकडला गेला."

"एक बोल गळला," इसरूभाऊ म्हणाले.

"तुमी न सांगता टाकता आन् वरून माप काढता?" बाई म्हणाल्या. देवळातल्या बायका तेव्हा उघडच हसल्या.

या गोष्टीला आता दुसरं वर्ष लागलं आहे. बाबूभाईंनी सांगितलं होतं तसा सहा महिन्यांत बाईंचा डावा हात आला. पहाटे त्या एकट्याने पूर्ण मृदंग वाजवतात. कोलूही आठवड्यातून दोनदा येऊन इसरूभाऊंकडून जुने बोल घेऊन जातो. सिंदेवाहीपासून आरमोरीपर्यंतची मंडळं बाईंना बोलावतात. फोन येतो, गाडी पाठवतो म्हणतात, गाडीत जागा कमी आहे म्हणतात, तुम्ही एकट्याच या म्हणतात.

"दोन मानसाइची जागा होत असन तं सांगा," अन्नपूर्णाबाई म्हणतात आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत फोन कानाला लावून उभ्या राहतात.