वादी अदाईचा हमिंगबर्ड

माझ्या पक्ष्यांच्या वहीत पाच रकाने होते: तारीख, वेळ, पक्षी, किती, काय करत होता. मस्कतमधल्या वादी अदाईच्या घरी राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ते आखले. घर कंपनीचं, तळमजल्याचं. पुढे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी बाग, तिच्यात टेकोमाचं पिवळ्या फुलांचं झुडूप, जास्वंद आणि एक लिंबू. धुणं विसळलेलं पाणी मी बादलीने तिथेच ओतत असे. चारी बाजूंना उघडे तपकिरी डोंगर असल्यामुळे मार्चमध्ये उत्तरेकडे परतणाऱ्या पक्ष्यांना एवढा हिरवा ठिपकाही पुरायचा. हुदहुद यायचा, पर्णवटवटे यायचे, दोन दिवस किडे खाऊन पुढे जायचे. शिंजिरांची जोडी मात्र बारा महिने आमचीच होती.

दोन हजार साल उलटून एकदोन वर्षं झाली असतील. नवऱ्याच्या मॅनेजरसाहेबांना अमेरिकेतल्या बहिणीने हमिंगबर्डला साखरपाणी पाजायची लाल बाटली आणून दिली. ते मस्कतमध्येच दार्सैतला तिसऱ्या मजल्यावर राहायचे, बाग नाही. कॅमेरा मात्र हातभर लेन्सचा. गुढीपाडव्याला तिथल्या मराठी मंडळाचं फोटोंचं प्रदर्शन होतं आणि त्यांना त्यात ‘ओमानमधला हमिंगबर्ड’ लावायचा होता. मी सांगितलं, की हमिंगबर्ड उत्तर आणि दक्षिण अमेरिकेबाहेर नसतो. आपल्याकडे आहे तो शिंजीर. तो फुलावर बसून मध पितो, हवेत तरंगला तर क्षणभर.

ते म्हणाले, “वहिनी, हमिंगबर्ड म्हटलं की लोक थांबतात. शिंजिरासाठी कोण थांबणार?”

तरी मी बाटली टेकोमाला टांगू दिली. त्याचं खरं कारण सांगते. माझ्या वहीत इतक्या वर्षांत एकही फोटो नव्हता आणि मला तो हवा होता.

बाटलीने पहिल्याच आठवड्यात किळस आणली. साहेबांनी साखरपाण्यात लाल रंगासाठी गुलाबाचं सरबत घातलं होतं. मस्कतच्या उन्हात ते दुपारपर्यंत आंबायचं. तोंडाशी काळी बुरशी धरायची, आत मुंग्या आणि माश्या फुगून तरंगायच्या, खालची फरशी चिकट व्हायची. सकाळ-संध्याकाळ बाटली धुणे हे माझ्या कामांच्या यादीत गेलं. साहेब फक्त शुक्रवारी यायचे, खुर्ची मागायचे, चहा मागायचे आणि शिंजीर हलला की त्याला शिव्या घालायचे. तीन शुक्रवार त्यांना पाठमोरा पक्षी नाहीतर नुसती शेपटी मिळाली.

चौथ्या शुक्रवारी नवरा आणि मी देवळात गेलो होतो. परत आलो तेव्हा साहेब बागेत ट्रायपॉड गुंडाळत होते. “खलास. मिळाला,” म्हणाले आणि चहाही न घेता गेले. मला बरं वाटलं. एक काम यादीतून कमी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बाटली धुवायला बाहेर आले. बाटलीच्या मागच्या फांदीवर काहीतरी लोंबत होतं. आधी वाटलं, वाळलेलं पान. मग ते थरथरलं. पर्णवटवट्या होता, अंगठ्याएवढा. दोन्ही पाय आणि एक पंख फांदीला चिकटलेले, पोटाची पिसं उपटली जाऊन खालची गुलाबी कातडी दिसत होती, आणि मुंग्या त्याच्या डोळ्यापर्यंत पोचल्या होत्या. फांदीवर बोटभर लांब पिवळट चकाकता थर होता. हात लावला तर बोट सुटेना. कचऱ्याच्या डब्यात उंदीर धरायच्या गोंदाची पिळलेली ट्यूब सापडली.

फांदी कापून मी ती पक्ष्यासकट स्वयंपाकघरात आणली. कापसाने शेंगदाण्याचं तेल लावून पाय सोडवले, वर पीठ भुरभुरलं. पंख सुटला तो निम्मी पिसं फांदीवर ठेवून. चपलांच्या खोक्यात ठेवलेला तो पक्षी साडेनऊला मेला. तेलाने आणि पिठाने त्याचा लगदा झाला होता. तो वास माझ्या हातांना संध्याकाळपर्यंत होता, की मला तसं वाटत होतं, कोण जाणे.

मी साहेबांना फोन केला. त्यांनी काहीही लपवलं नाही, याचीच मला जास्त शिसारी आली. लहानपणी गुहागरला ते फणसाच्या चिकाचा लासा करून फांद्यांना फासायचे आणि पक्षी धरायचे. इथे फणस कुठला, म्हणून गोंद. शिंजिराचा एकच पाय चिकटवला. तो सुटायला फडफडला की फोटोत तरंगल्यासारखा दिसतो. दहा मिनिटांत सोडवला, उडून गेला.

“आणि फांदीवरचा गोंद?”

“तो पुसायचा राहिला, वहिनी,” ते म्हणाले. जसं कुणी म्हणतं, दिवा बंद करायचा राहिला.

प्रदर्शनाच्या फोटोंची यादी माझ्याकडे होती. फोटोंखालची कार्डंही मीच लिहायची, कारण माझं अक्षर चांगलं. म्हणजे त्या फोटोखाली काय लिहिलं जाणार, हे माझ्या हातात होतं. नवऱ्याला मी सांगितलं, की मी खरं लिहिणार: शिंजीर, पाय गोंदात. त्याचा करार एप्रिलमध्ये संपत होता आणि नव्या करारावर सही साहेबांची लागणार होती. मुलीची दहावी पुढच्या वर्षी होती.

“एका पाखरासाठी?” एवढंच तो म्हणाला. रागाने नाही. मी रागाने उत्तर द्यावं असंही त्याला वाटत नव्हतं, नुसतं उत्तर हवं होतं. मी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा उचलून कपाटात ठेवला.

पाडव्याच्या दिवशी सगळे त्या फोटोसमोर थांबत होते. काळानिळा चकाकता पक्षी, पंख पसरलेले, चोच बाटलीकडे. किती गोड, म्हणत बायका मुलांना उचलून दाखवत होत्या. नीट पाहिलं तर डावा पाय मागे ताणलेला दिसत होता, दोरा ओढावा तसा. कुणी नीट पाहिलं नाही. पहिलं बक्षीस मिळालं. साहेबांनी व्यासपीठावरून माझे आभार मानले, बागेबद्दल आणि बाटली वेळेवर धुतल्याबद्दल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

करार वाढला. लाल बाटली मी ठेचून कचऱ्यात टाकली, झुडपाची ती बाजू छाटली. वहीत त्या शनिवारी पाचव्या रकान्यात ‘गोंदात मेला’ असं लिहिलेलं आहे. वही कुणी वाचत नाही.

कार्ड मात्र शेकडो लोकांनी वाचलं. ‘क्र. १४. हमिंगबर्ड, वादी अदाई.’ काळी शाई, सरळ ओळ, एकही खाडाखोड नाही.