आप्पांच्या खांद्यावरचं निळं टोक

ही फजिती मी सांगणार नव्हतो. पण वळसंगात आता ती कुणीही सांगतं, आणि प्रत्येक जण पदरचं थोडं घालतो. परवा सोलापूरच्या हाटेलात एकाने माझ्यासमोरच सांगितली, मला न ओळखता, आणि शेवटी मी रडलो असं म्हणाला. मी रडलो नव्हतो. म्हणून म्हटलं, बसा, चहा घ्या, गाढवाची गोष्ट निदान गाढवाच्या तोंडून ऐका.

माझं नाव मल्लिनाथ. घरात मल्लू, बाहेर मल्ल्या. शाळा नववीत सुटली. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला आहे. टॉवेल काही विचारत नाही, म्हणून ते काम मला मानवतं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. एकदा एसटीत वळसंग आलं तरी मला ‘थांबवा’ म्हणवेना, तर सरळ अक्कलकोटला जाऊन आलो. आता बोला.

देवाने आवाज दिला नाही, त्या बदल्यात उंची दिली. सहा फूट. घराची चौकट मात्र जुनी आणि ठेंगणी, आणि तिथे आईने बैलाचा घुंगरांचा पट्टा टांगलेला, घराला दृष्ट लागू नये म्हणून. मी बाहेर पडताना तो रोज कपाळाला लागतो. छन्न वाजलं की आईला कळतं, पोरगं कामाला गेलं.

आमचे आप्पा फौजेत होते. सतरा वर्षं ट्रक चालवला, कधी बर्फात, कधी वाळूत, आणि हवालदार होऊन घरी आले. घरी आल्यावर शेत आणि बैल, बास. फौजेबद्दल विचारलं तर म्हणायचे, “चहा बरा मिळायचा.” ते जाऊन आता दोन वर्षं होतील.

ते गेल्यावर पहिला पंधरा ऑगस्ट आला. शाळेत झेंडावंदनाला आमच्या गल्लीतले दुसरे फौजी, शिवशरणकाका, छातीवर पाच पदकं लावून आले. चालले की टुणटुण वाजत होती. काका मुद्दाम जरा जास्तच चालत होते, ते सोडा. पण घरी आल्यावर आई आप्पांच्या फोटोपुढे बसली ती उठेचना.

“काकाच्या छातीवर पाच हायत,” ती म्हणाली. “आन आपल्या मानसाला नुस्ता हार.”

“आप्पांना मिळाली न्हाईत का?”

“मी इचारलं हुतं एकदा. म्हनले, आली की. दिली ज्याची त्याला.”

“कुणाला?”

“त्येंनी सांगितलं न्हाय, मी इचारलं न्हाय. चुलीवर भाकर हुती.” मग फोटोवरचा हार सरळ करत म्हणाली, “पुण्यस्मरनाला फोटोखाली ठिवता आली असती तर बरं वाटलं असतं.”

आमची आई कुणाकडे काही मागत नाही. तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट, तीही फोटोकडे बघून. मी मनात ठरवलं, पुण्यस्मरणाच्या आत पदकं आणायची.

इथवर माझं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढे. मी हे सगळं सिद्धूला सांगितलं.

सिद्धू माझा बालमित्र. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. गावात कुणाच्या पोराला दात आला तरी दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स, हार्दिक अभिनंदन. मला जितकं बोलता येत नाही तितकं सगळं देवाने त्याच्यात भरलंय.

“ज्याची त्याला?” सिद्धू खुर्चीतून उठलाच. “मल्ल्या, म्हंजे आप्पांची पदकं दुसऱ्यानंच ढापली की.”

“तसं न्हाय म्हनाले ते.”

“फौजी मानूस उघड बोलंल व्हय? पोटात ठिवून गेला बिचारा.”

आता खरं सांगा, असं ऐकल्यावर तुम्ही तरी घरी बसला असता का?

सोलापुरात माजी सैनिकांची कचेरी आहे. तिथे टेबलापाशी एक निवृत्त सुभेदारसाहेब बसतात. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट. एसटीत मी सगळं वाक्य पाठ करत गेलो होतो. समोर उभा राहिलो आणि तोंडातून एवढंच निघालं, “साहेब, आप्पा वारले.”

साहेब ताडकन उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाणी दिलं. “कधी रे बाळा?”

“मागच्या वर्षी.”

साहेब परत बसले.

पण माणूस चांगला. त्यांनीच माझ्याकडून सगळं काढून घेतलं, आप्पांचा नंबर लिहिला, अर्ज भरला, माझा फोन नंबर घेतला. म्हणाले, “रेकॉर्ड ऑफिसला पाठवतो. उत्तर आलं की फोन करीन. तोवर घरात एकदा नीट शोध. फौजी माणूस कुठं काय ठेवेल, सांगता येत नाही.”

मी सिद्धूला हे सांगितल्यावर तो हसला, पण वाईट हसला. “घरात शोध म्हनतोय? ही टाळाटाळ हाय. दाबायला बघायलेत.”

तरी मी आप्पांची काळी ट्रंक उघडली. एक घोंगडी, एक मग, दाढीचा डबा, आणि एक फोटो. कारहुणवीचा, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाचा. आप्पा फौजी शर्ट घालून ताठ उभे, हातात आमच्या तेव्हाच्या बसव्या बैलाची वेसण. बसव्या नवरदेवासारखा सजलेला, निळी शिंगं, झूल, आरसे, गोंडे, काय नव्हतं त्याच्या अंगावर. आणि आप्पांच्या पलीकडे मी, सहा वर्षांचा, चड्डीवर. आप्पा इतके छान हसताना मी कधी बघितले नव्हते. मी त्यांच्याच तोंडाकडे बघत राहिलो. दुसरं काही बघितलंच नाही.

सिद्धूने तो फोटो मोबाईलमध्ये घेतला. “भिंतीवरच्या फोटूत आप्पा कुनीबी वाटत्यात. ह्यात कसे फौजी दिसायलेत. म्या फकस्त आप्पा काढून घेतो.”

“कशाला?”

“बघ की तू.”

तिसऱ्या दिवशी कामावरून येतो, तर एसटी स्टँडवर वीस फुटी फ्लेक्स. ‘शूर सैनिकाची पदकं गेली कुठं? वळसंग जाब विचारणार!’ मधे आप्पा. भोवती बावीस शुभेच्छुक, त्यातले निम्मे गॉगल लावलेले. एका शुभेच्छुकाचं डोकं आप्पांपेक्षा मोठं. बैल कापला होता, मला कापला होता. फक्त आप्पांच्या खांद्याजवळ एक निळं टोक राहून गेलं होतं.

“सिद्धू, हे शिंग राहिलंय.”

“असू दे की. बंदुकीचं वाटतंय.”

आणि खरंच, लोक खाली उभे राहून एकमेकांना सांगत होते, बघा, हवालदारांच्या खांद्याला बंदूक.

हे सगळं अण्णांच्या नजरेत भरलं नसतं तरच नवल. अण्णा म्हणजे आमच्या गावचे होऊ घातलेले सरपंच. गेली दहा वर्षं होऊच घातलेत. निवडणूक जवळ आली होती आणि त्यांच्याकडे प्रश्न नव्हता. आता त्यांना प्रश्न मिळाला, सहा फुटी.

आधी त्यांनी माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा. मिळालं काहीच नव्हतं, तरी सत्कार. “मल्लिनाथ, ह्या सोमवारी आपन कचेरीवर धडक मारायची,” अण्णा म्हणाले. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णांनी त्यात पेढा घातला.

मधल्या दिवसांत मला एका अनोळखी नंबरवरून फोन येत होते. चार वेळा आले. अनोळखी नंबर मी उचलत नाही. कोण बोलेल आणि काय बोलावं लागेल, काय सांगता येतं?

सोमवारी दोन टेम्पो निघाले. पुढे हलगी, मागे माणसं, टपावर फ्लेक्स. मला फेटा बांधून ड्रायव्हरशेजारी बसवलेलं, तर फेटा टपाला लागत होता. निघताना दारात घुंगरांचा पट्टा फेट्याला असा अडकला की आईने येऊन सोडवला. “शुभ झालं,” सिद्धू म्हणाला. “वाजत गाजत निघालास.”

आई एवढंच म्हणाली, “भांडू नगंस. नुस्तं इचार.”

कचेरीपुढे हलगी कडाडली. अण्णा टेम्पोच्या फाळक्यावर चढले. “ह्या पोराचा बाप बर्फात झिजला, आन त्येची पदकं दुसऱ्याच्या छातीवर. कुनाच्या छातीवर हायत, नाव सांगा.” टाळ्या. मी खाली मान घालून उभा. उंची असली की मान घातली तरी दिसतो माणूस.

सुभेदारसाहेब शांतपणे बाहेर आले. हातात एक कागद. बाकी कुणाकडे बघितलं नाही, सरळ माझ्याकडे आले.

“चार वेळा फोन केला तुला. उचलत का नाहीस?”

मेलो. तो नंबर ह्यांचा.

“उत्तर आलंय. तुझ्या वडिलांना तीन पदकं मिळाली होती. निवृत्तीनंतर लगेच पोस्टाने घरी पोचली. ही त्यांची पोचपावती, ही सही.”

सही आप्पांचीच. त्यांच्या ‘ल’ची शेपटी मी हजारात ओळखीन. हलगीवाला एकटा अजून वाजवत होता, त्याला कुणीतरी कोपराने गप्प केला.

पण अण्णा म्हणजे अण्णा. “सही खोटी असंल,” ते गरजले. “मिळाली असती तर छातीवर दिसली नसती? हा बघा घरचा फोटू.” आणि माझ्या पिशवीतून त्यांनी तो कारहुणवीचा मूळ फोटो काढून साहेबांपुढे धरला. “बघा. हाय का छातीवर एकतरी?”

साहेबांनी चष्मा लावला. फोटो लांब धरला, मग जवळ धरला. मिशी हलली.

“छातीवरच आहेत,” ते म्हणाले. “फक्त छाती दुसऱ्याची आहे.”

सगळी डोकी फोटोवर आली. बसव्याच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा, आणि त्या पट्ट्याला, आरशांच्या नि गोंड्यांच्या मधे, पट्ट्यापट्ट्यांच्या फितीला लटकलेली तीन पदकं. बसव्याने मानही कशी ताठ धरलेली. शिवशरणकाकांची असते तशी.

मग गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, “अण्णा, नाव सांगा म्हनला हुतात की. बसव्या.”

त्यानंतर जो हशा झाला तो मी अजून विसरलो नाही. अण्णा फाळक्यावरून उतरून कधी गेले, कळलंच नाही. साहेब मात्र अजून फोटोच बघत होते.

“हा पोरगा कोण रे? हातात रंगाचा ब्रश आहे.”

“मी, साहेब.”

“हं. ही कडेला दोन पदकं चकचकीत दिसतात. मधलं अर्धं निळं दिसतंय.”

कारहुणवीला शिंगं रंगवायचं काम आमच्या घरी माझं होतं. आणि शिंगांचा रंग उरला की मी समोर दिसेल ते रंगवायचो. खुंटा, बादली, एकदा मांजर.

“घरी जा,” साहेब म्हणाले. “तुला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?”

परतीला टेम्पोत हलगी वाजली नाही. घरी पोचलो, दारात डोकं आपटलं, छन्न झालं, आणि मी तिथेच उभा राहिलो. हात वर करून पट्टा काढला. घुंगरांच्या मधे तीन जाड निळ्या चकत्या. फिती कधीच कुजून गेलेल्या. वर्षानुवर्षांचा धूर आणि माझा ऑइल पेंट. महिनाभर मी पदकं मागायला घराबाहेर पडत होतो आणि पदकं रोज माझं कपाळ बडवत होती.

सिद्धूने दुकानातून थिनर आणलं. आई चिंधीने घासत बसली. पहिल्या चकतीच्या कडेवर अक्षरं उघडी पडली. आप्पांचा नंबर, आप्पांचं नाव. आईला वाचता येत नाही, पण तिने अक्षरांवरून बोट फिरवलं.

“मला वाटलं, बाजारातल्या टिकल्या आनल्यात बैलाला,” ती म्हणाली. मग हसली. “सतरा वर्सं हे तिकडं. हितं शेत कुनी वढलं? बसव्याच्या बापानं, मंग बसव्यानं. दिली ज्याची त्याला. बरोबर हाय की त्येंचं.”

मी मान खाली घातली. “आई, रंग मी लावला.”

“तर काय, बैलानं लावला?”

पुण्यस्मरणाला आप्पांच्या फोटोखाली दोन पदकं चकचकीत होती. मधलं काही केल्या सुटेना, ते निळंच राहिलं. सुभेदारसाहेब स्वतः आले होते. त्यांनी तिन्ही पदकांना सलाम केला, निळ्याला जरा जास्त वेळ.

मला वाटलं, मिटलं सगळं. कसलं मिटतंय? जूनमध्ये कारहुणवी आली आणि एसटी स्टँडवर नवा फ्लेक्स लागला. ‘वळसंगचा मानकरी, पदकविजेता बसव्या, यास विनम्र अभिवादन.’ शुभेच्छुकांत पहिला फोटो अण्णांचा. ह्या वेळी सिद्धूने बैल पूर्ण घेतलाय, आप्पाही पूर्ण घेतलेत. कापलाय तो फक्त मी. आप्पांच्या कोपरापाशी माझा ब्रश तेवढा राहून गेलाय. लोक खाली उभे राहून विचारतात, हे निळं टोक कशाचं?

सिद्धू सांगतो, बंदुकीचं. आणि मी शेजारीच उभा असतो, पण चार माणसांत माझ्याने बोलवत नाही.