मंगळसूत्राच्या पेटीला आकड्यांचं कुलूप

कसं सांगू, हसाल तुम्ही! दादाच्या लग्नात अक्षता पडायची वेळ झाली आणि सगळं मंगल कार्यालय बघत होतं माझ्याकडे. नवरीकडे नाही हो, माझ्याकडे!

झालं असं, की मंगळसूत्र आणि दागिने घरच्या लोखंडी पेटीतून न्यायचे ठरले. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नेहमीचं किल्लीचं कुलूप काढलं. माझं डोकंच फिरलं. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात किल्ली एका काकांच्या खिशात असते आणि ते काका पान खायला गेलेले असतात. बीएस्सी झालेली मुलगी घरात असताना पुन्हा तेच?

मी तडक नवी पेठ गाठली आणि तीन आकड्यांचं कुलूप आणलं. ते आतून कसं चालतं याचे व्हिडिओ बघितले आणि खरं सांगते, वेडीच झाले!

अहो, कडीच्या दांडीला आत बारीक दात असतात. आणि प्रत्येक चकतीला आतून एकच खाच. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की दात त्यातून सरकतात, कडी वर येते. एक खाच जराशी सरकलेली असली तरी संपलं! आणि कमाल म्हणजे कुलपाला आकडे कळतच नाहीत. त्याला फक्त खाचा कळतात. आकडे बाहेरच्या चकतीवर, खाच आतल्या चकतीला. कडी वळवून आत दाबली की दोघींची जोडी सुटते आणि आकडे मोकळे फिरतात. तुम्ही जिथे थांबून कडी सोडाल, तो तुमचा आकडा! बॅटरी नाही, वायर नाही, चिंचोक्याएवढ्या जागेत एवढी अक्कल कुणी बसवली असेल?

लग्नाच्या सकाळी मी सगळ्यांसमोर कडी दाबून धरली, पाचशे आकडा लावला आणि वर भाषणही दिलं. "बघा, हात लावून बघा! आता चकत्या कशा सैल फिरतात!"

अक्कलकोटची आत्या अगदी नाकाला लावून बघत होती. "यव्वा! लई गुळगुळीत हाय की गं!"

"पण आकडा विसरलीस तर?" अप्पा म्हणाले.

"मी? अप्पा, तुम्ही चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधता. मी नाही विसरत!" कडी तशीच दाबून धरून मी त्यांना मनसोक्त सुनावलं. मग कडी सोडली, पेटीला कुलूप ठोकलं, आकडे विस्कटले. आधी एकदा उघडून बघायचं असतं म्हणे. कोण बघतंय!

कार्यालयात लग्न लावणारे स्वामी म्हणाले, "मंगळसूत्र आणा."

पाच, शून्य, शून्य. कडी ओढली. ढिम्म!

पुन्हा लावलं. ढिम्म!

"काय झालं?" अप्पा.

"काही नाही. अडकलंय जरा."

"जरा म्हंजे किती? स्वामी थांबलेत!"

मांडवातून दादा डोळे वटारत होता. बाशिंगामुळे मान हलत नव्हती बिचाऱ्याची, म्हणून सगळा राग डोळ्यांत. तेवढ्यात एक काका दगड घेऊन आले. आत्या आडवी आली. "शुभकार्यात कुलूप फोडतेत व्हय? आनि ते बी मंगळसूत्राचं? टाका तो दगड!"

"मग काय करायचं? मुहूर्त टळंल की!"

"मी उघडते!" मी ओरडले. "पण कुणीही बोलू नका. मोठ्यांनी तर अजिबात नाही!"

सगळे गप्प. वाजंत्रीवालेसुद्धा! मी कुलूप कानाशी नेलं, कडी ताणून धरली आणि चकत्या फिरवायला लागले. पहिली सुळसुळीत फिरली. मधली मात्र कुरकुरली. म्हणजे दात तिलाच टेकला होता! हळू फिरवली, आणि एका जागी बोटाखाली काहीतरी अलगद बसलं. इतकं अलगद, की अंगावर काटा आला. त्या अंधारात खाच दाताची वाट बघत होती आणि ते मला बोटांना कळलं होतं! मग शेवटची कुरकुरली, तीही बसली. मग पहिली.

खट!

कडी वर आली. टाळ्या काय, शिट्ट्या काय! पेटी उघडली, मंगळसूत्र मांडवात गेलं, अक्षता पडल्या. माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं भावाच्या लग्नामुळे. छे हो, त्या खाचांमुळे!

मग मी सहज आकड्याकडे बघितलं. पाच, शून्य, एक.

"एक? हा एक कुठून आला? कारखान्याचाच घोळ आहे हा!"

"कारखाना कशाला?" शेजारी आत्या अक्षता झटकत होती. "म्या फिरवला त्यो. तू अप्पाला बोलत व्हतीस तवा."

"आत्या! का पण?"

"मंगळसूत्राच्या पेटीवर पाचशे? आहेराच्या पाकिटावर तरी कोन नुसतं पाचशे लिहितंय? वर एक लागतोच की!"

"मग मघाशी सगळे घामाघूम झाले होते, तेव्हा सांगायचं नाही का?"

"कसं सांगू?" आत्या म्हणाली. "तू म्हनलीस मोठ्यांनी बोलायचं न्हाय. मी तर हितं समद्यांत मोठी."