कुंदाची टाच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझं काय कळत नाही? चोरून ओढलेली बिडी ती वासावरून नाही, माझ्या चेहऱ्यावरून ओळखते. हे मात्र तिलाही कधी दिसलं नाही.

आमच्या घरात गोष्टी सांगणारा मी. गणपतीत सगळे पेणला जमले, जेवणं झाली, की पोरं मला घेरतात. हटकून मागतात ती एकच — आत्या रोह्याच्या स्टँडवर कशी पडली. मी उठून तिची चाल करून दाखवतो, कंडक्टरचा आवाज काढतो. पोरं लोळतात. आत्याही हसते. आत्या म्हणजे कुंदा, माझी धाकटी बहीण. लहानपणी पोलिओ झाला, उजवा पाय आखूड राहिला.

गोष्टीतला एक भाग मी वगळतो.

नव्वदनंतरची ती वर्षं. आमचा गणपतीचा कारखाना. सण उरकला की मी फायबरची कामं घ्यायचो — रोह्याच्या कंपन्यांच्या पंपांची झाकणं, दुकानांच्या पाट्या. स्वतःला मोठा कारागीर समजायचो. त्यात कुंदाला रोह्याजवळच्या वरश्याच्या बालवाडीत नोकरी लागली. अपंगांच्या शिबिरात मिळालेला, पायाला बांधायचा तिचा प्लास्टिकचा कॅलिपर उंचीला कमी पडत होता. म्हटलं, खाली फायबरची टाच चढवून देतो.

"म्हणजे पोरांसमोर मी सरळ उभी राहीन ना रे दादा?" तिनं विचारलं होतं.

आता ऐका. त्या प्लास्टिकला फायबर नुसतं लावून धरत नाही. ते आधी चांगलं खरवडायचं, भोकं पाडून स्क्रू मारायचे. मला माहीत नव्हतं? होतं. कॅलिपरच्या कडेच्या कापलेल्या तुकड्यावर मी करून पाहिलं होतं. वाळल्यावर नख घातलं, तर उकडलेल्या अंड्याचं कवच निघावं तसं सगळं निघून आलं.

मग? मग काय — आम्ही मूर्तीवाले. खरखर घालवण्यात जन्म गेला. त्या गुळगुळीत पांढऱ्या प्लास्टिकवर ओरखडे, स्क्रूची डोकी — आणि ती माझ्या हातची? मी तसंच चिकटवलं. वरून मूर्तीच्या अंगाचा गुलाबी रंग मारला. जोड कुठाय ते ओळखा, म्हणत आळीभर दाखवून आलो.

पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत गेलो. रोह्याला एसटीतून उतरताना तिनं उजवा पाय खाली टेकला, भार टाकला — आणि टाच सुटली. कुंदा पिशवीसकट चिखलात. मी आधी काय उचललं असेल? टाच. तिची आतली बाजू आरशासारखी चकाकत होती, प्लास्टिकचा कणही धरला नव्हता. मी ती खिशात कोंबली.

"मोडली काय रे दादा? माझ्यानं मोडली?"

लोक बघत होते. मी म्हणालो, "पाय फरफटतेस तू. काय पण करून दिलं तरी तुझ्याकडं टिकायचं नाय."

कंडक्टर हसला. मीही हसलो.

ती वरश्याला गेलीच नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. दुसरी करतो म्हटलं, तर "नको रे, तुझी मेहनत फुकट जाते," म्हणाली. तेव्हापासून ती कारखान्यात भिंतीला टेकून बसते आणि मूर्तींची पितांबरं रंगवते. फार सुंदर रंगवते.

यंदा मी गोष्ट टाळत होतो. कुंदानंच हाक दिली, "सांग ना दादा, माझी ती."

माझ्या धाकट्या मुलीनं मध्येच विचारलं, "आत्या, पण टाच निघाली कशी?"

"माझी चालच तशी गो," कुंदा म्हणाली. "दादानं किती छान केली होती."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उठलो, आणि तिची चाल करून दाखवली.